बिननाकाचा भोपळा

मावशीला सरळ उत्तर देणं जमायचंच नाही. कोन गावच्या बालवाडीत ती शिकवायची. "मावशी, जेवलीस का?" विचारलं, की ती म्हणायची, "दुधी भोपळा शिफ्टला गेला, लूम बघून शिंकत आला. मुकादम म्हणाला, झालं काय? भोपळा म्हणाला, नाकच न्हाय!" मग ताट ओढून घ्यायची. म्हणजे जेवली नव्हती, हे आपण समजायचं.

माझे वडील, म्हणजे तिचे दाजी, यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर. बिघडलेला लूम चालू करणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असतं. ते चिडून विचारायचे, "नाक नाही, तर शिंकला कुठून?"

"त्योच तर घोटाळा हाय ना, दाजी!"

एकदा न्हाणीघरात वडील स्वतःच भोपळ्याचं गाणं गुणगुणत होते. आम्ही हसलो तसा त्यांनी नळ मोठा सोडला.

बालवाडीत निम्मी मुलं कारखान्यातल्या कामगारांची, घरी हिंदी बोलणारी. मराठी बडबडगीत लावलं की ती भिंतीला टेकून बसायची. म्हणून मावशी नवेच शब्द पाडायची: गुटुंबा, चिलमटी, फडफडोबा. "ह्यो शब्द कुनाच्याच घरचा न्हाय," ती मला म्हणाली होती, "मंग कोन मागं पडंल?" आणि खरंच, फडफडोबा म्हणताना सगळी पोरं एका सुरात ओरडायची.

मागच्या वर्षी बालवाडीच्या पायरीवरून ती पडली. डोक्याला मार बसला, कल्याणला ऑपरेशन झालं. शुद्ध आली तेव्हा वडील आणि मी खाटेशेजारी उभे होतो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

मावशीने डोळे किलकिले केले. "शेवग्याच्या शेंगेचं लगीन हाय."

डॉक्टरांचा चेहरा आणखी उतरला. असंबद्ध बोलतायत, मेंदूवर परिणाम असू शकतो, असं ते हळू आवाजात सांगू लागले. वडील मात्र पुढे झाले, खाटेवर वाकले आणि म्हणाले, "शेवग्याच्या शेंगेचं लगीन हाय..."

मावशीचे सुकलेले ओठ हलले, "...मुळा म्हनतो, नवरा न्हाय!"

"यमक जुळतंय, डॉक्टर!" वडील जवळजवळ ओरडलेच. "ठीक आहे ती! ती अशीच आहे!" आणि तोंडावर रुमाल धरून हसता हसता रडायला लागले.

"बुधवार हाय," मावशी डॉक्टरांना म्हणाली. "पन तुमचं तोंड येवढं बारीक, म्हटलं आधी जरा हसवावं."

ती पूर्ण बरी झाली, पण पायऱ्या चढणं सुटलं. यंदा लेकाकडे पडघ्याला राहायला निघाली. निरोप द्यायला मुलांच्या आया टेम्पोभोवती जमल्या. एक जण म्हणाली, "दीदी, एक तो सुनाके जाओ." पहिल्यांदाच मावशीला काही सुचेना.

मग ती बाईच म्हणाली, "ऊँट की शादी, बकरी नाराज."

दुसरीने जोडलं, "कांद्यानं काढली लसणीची लाज."

तिसरी अडखळत म्हणाली, "हत्ती चढला टेम्पोत, बघा..."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीने पदराने डोळे पुसले. "सरक रं मेल्या, मला दे जागा!"

हशा उसळला. त्या हशातच तिने टेम्पोत पाय ठेवला, आणि पुढच्या रिकाम्या सीटवर अंग चोरून, हत्तीपुरती जागा सोडून, अगदी कडेला बसली.