मोहनरावांच्या करदोट्याची किल्ली

केशरबाईंना डॉक्टरांनी सांगितलेलं औषध फुकटचं होतं, आणि नेमकं तेच त्यांना परवडत नव्हतं. माजलगावच्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो उजेडाला धरला, मूतखडा दाखवला आणि म्हणाले, डावं मूत्रपिंड सुजलंय, दिवसभर भरपूर पाणी प्या, नाहीतर ते कामातून जाईल. केशरबाईंनी मान डोलावली आणि बाहेर येऊन भामाबाईला म्हणाल्या, "पिणं सोपं हाय गं. पिल्यावर जायचं कुठं?"

प्रश्न खरा होता. दोघी दिंद्रुडच्या अलीकडच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला. दिवाळीपासून होळीपर्यंत गाड्या भरभरून येणाऱ्या कापसातला पालापाचोळा आणि किडकी, पिवळी पडलेली कवडी वेचायची. सभोवती हमाल, ड्रायव्हर, काट्यावरची माणसं; भिंतीपलीकडं वाहता रस्ता. बायांना आडोसा म्हणून नव्हता. पहाटे घरून निघायच्या आधी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा. मधल्या वेळात देहानं गप बसायचं. त्यावर उपाय एकच, तहान मारायची. केशरबाईंनी ती बारा-पंधरा वर्षं मारली, आणि तिचाच हा खडा झाला.

देशाची दारं उघडून तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. आमची रुई सूतगिरणीत जाई, सूत आणखी कुठल्या मिलमध्ये, आणि त्याच्या चादरी होऊन विलायतेत. तिथल्या कंपनीच्या मनात आलं, आपल्या चादरीवर झोपणाऱ्या माणसाला ही कुणाच्या हालातून विणली अशी शंका येता कामा नये. शंका आली की झोप जाते, आणि झोप गेली की चादर खपत नाही. म्हणून कंपनीनं कामगारांच्या मानवी हक्कांचं धोरण काढलं. ते गिरणीमार्गे घरंगळत आमच्या फाटकापर्यंत आलं आणि निळ्या फलकावर जाऊन बसलं. प्यायला स्वच्छ पाणी, तोंडाला फडकं, बायांना वेगळा संडास, आणि तक्रार करणाऱ्याला त्रास दिला जाणार नाही. वॉचमन शहादेवनं ते बायांना वाचून दाखवलं. संडासाची ओळ केशरबाईंनी त्याला पुन्हा वाचायला लावली, एखादा अभंग आवडावा तशी.

आणि संडास खरंच झाला. पांढऱ्या फरश्या, हात धुवायचं भांडं, वर आरसा. बायांनी दारात रांगोळी घातली, केशरबाईंनी नारळ फोडला. खोबरं वाटून झालं आणि मॅनेजर मोहनरावांनी दाराला कुलूप घातलं. बाया घाण करतील, मग कंपनीच्या पाहणीत मार्क जातील, असं त्यांचं म्हणणं. मोहनराव माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर आधी हजर. पण किल्ली हरवू नये म्हणून ती त्यांनी करदोट्याला बांधली. आता परक्या पुरुषाच्या कमरेच्या दोऱ्यातली किल्ली मागायची कशी? मागायची म्हणजे आधी त्याला सदरा वर करायला सांगायचं. किल्ली बँकेच्या तिजोरीत असती तर एवढी सुरक्षित राहिली नसती.

तेव्हा पाहणीला माणसं येतील त्यांनाच सांगायचं ठरलं, आणि सांगायचं केशरबाईंनी. स्टँडवर राहिलेल्या कोंबडीसाठी एकदा त्यांनी एसटी मागं घ्यायला लावली होती. तोंड असावं तर असं.

पुण्याहून एक मॅडम आल्या. पोरगी गुणाची होती. मोहनरावांना लांब पाठवून खाली कापसातच बसली. केशरबाईंना विचारलं, मावशी, काही त्रास? केशरबाई म्हणाल्या, "न्हाई बाई, समदं बरं हाय." भामाबाईनं चिमटा काढला. मॅडमनी फिरून विचारलं, वेगळ्या शब्दांत तिसऱ्यांदा विचारलं. केशरबाईंनी तिला भाकरी-ठेचा खायला घातला, आईबापाची चौकशी केली आणि त्रास काही नाही म्हणून सांगितलं.

घाबरल्या म्हणाल, तर तसं नव्हतं. आमच्याकडं बसलेल्या पाहुण्यापुढं गाऱ्हाणं मांडत नाहीत. पाहुण्यानं कसं काय विचारलं, की मरणाच्या दारातला माणूसही बरं हाय म्हणतो. खरं बोलणं पाहुणा चप्पल घालायला लागला की सुरू होतं. सोयरिकी जमतात त्या उंबऱ्यावर आणि बांधाची भांडणं मिटतात तीही उंबऱ्यावर. बसून होतात त्या गप्पा, उभ्यानं होतं ते काम. केशरबाई मॅडमनी चप्पल घालायची वाट बघत होत्या.

मॅडमनी कागद भरला, त्यावर केशरबाईंचा अंगठा घेतला. मग त्या संडासात जाऊन आल्या. त्या दिवशी कुलूप नव्हतं, साबण नवा होता. जीपपाशी आल्या तशा केशरबाई पुढं झाल्या.

"बाई, आता कामाचं सांगते. ह्या संडासाला रोज कुलूप असतंय. माझं मूत्रपिंड सुजलंय, डाक्तर पाणी पी म्हणतो. तेवढी किल्ली आमच्या हाती द्यायला सांगा."

मॅडम गोंधळल्या. "मावशी, मी तीनदा विचारलं हो. आणि मी आत्ताच जाऊन आले. किती स्वच्छ ठेवलाय तुम्ही."

"कुणी जातच न्हाई, म्हून स्वच्छ हाय."

निरोपाला आलेले मोहनराव हसले. "आमच्या केशरबाई लई गमत्या."

मला वाटतं, मॅडमना कळलं होतं. पण कागद पिशवीत गेला होता, अंगठा उमटला होता, आणि दिवस मावळायच्या आत केजची जिनिंग गाठायची होती. पुढच्या पाहणीत नक्की बघते, असं म्हणाल्या. पुढची पाहणी पुढच्या हंगामात.

दुसऱ्या दिवशी मोहनरावांनी केशरबाईंना फाटकातच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. शहादेवला राहवलं नाही. त्यानं फलकाकडं बोट दाखवलं, तक्रार करणाऱ्याला त्रास देता येत नाही म्हणाला.

मोहनरावांनी फलक शांतपणे वाचला. "बरोबर हाय," ते म्हणाले. "पण तक्रार कुठाय? कागदावर बाईंनीच अंगठा दिलाय, काही तक्रार न्हाई म्हणून."

जिनिंगला पुरते मार्क मिळाले, पेढे वाटले. पेढा शहादेवलाही मिळाला.

केशरबाई कापूस वेचायला शेतात जाऊ लागल्या. मजुरी कमी, ऊन जास्त; पण तुरीच्या ओळींचा आडोसा होता, म्हणून त्या पोटभर पाणी पीत. उन्हाळ्यात डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. डावं कामातून गेलं होतं. आता उजव्याला जपा, म्हणाले.

पुढच्या हंगामात पाहणी जवळ आली तशी भामाबाई भेटायला आली. केशरबाईंनी तिला बजावलं, "ह्या खेपेला तू सांग. मॅडम खाली बसली की लगेच सांग. भाकर नंतर दे."

"मला कुठं सांगू देतेत?" भामाबाई म्हणाली. "काय बोलायचं ते पढवून चौघीजणी तयार ठिवल्यात मोहनरावांनी. मला त्या दिवशी सुट्टी हाय."

"भरपगारी?"

"न्हाई."