वर घर, खाली कापूस

सुभाष वाघमारे गेले हे मला लातूरच्या एसटी स्टँडात कळलं. निलंग्याला, माझ्या माहेरी, भाचीच्या लग्नाची सुपारी होती आणि मी निलंगा गाडीची वाट बघत उभी होते. ह्यांचा फोन आला. आपले विमावाले भाऊ सकाळी गेले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं, एवढंच ह्यांनी सांगितलं. मी पिशवी उचलली, पलीकडच्या फलाटावर गेले आणि नांदेडच्या गाडीत बसले. माहेरी फोन करून कळवलं तर भाऊ म्हणाला, विमा एजंटासाठी कुणी सुपारी सोडून जातं का? त्याला काय सांगणार? नांदेड येईपर्यंत मी खिडकीकडची जागा दोनदा बदलली. शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, तब्येत बरी नाही का? बरी होती. सुभाषभाऊंशी माझं एक बोलणं सहा वर्षांपासून राहिलं होतं, आणि ते आता कायमचं राहिलं होतं.

आमची कॉलनी मालेगाव रस्त्याला आहे. आम्ही प्लॉट घेतला तेव्हा शेजारी तूर उभी होती. मागच्या साली जिथे तूर, तिथे यंदा दुमजली घर, असं बघता बघता सगळं भरून गेलं. भोकरचे, उमरीचे, निलंग्याचे, जो तो मुलांच्या शिक्षणाच्या नावाने आला आणि घर बांधताना खाली एक मोठी खोली काढून ठेवली. वर राहायचं, खाली काहीतरी चालवायचं. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं पार्लर, कुणाची शिकवणी. आमच्या खाली गादीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, एक पिंजण यंत्र, दोन कारागीर आणि छतापर्यंत कापूस. तो ह्यांचा धंदा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि घर माझ्या नावावर.

सुभाषभाऊ मूळचे भोकरकडचे. आधी एका दुकानात हिशेब लिहायचे, मग विम्याची एजन्सी घेतली. गाडीचा, घराचा, दुकानाचा, सगळे विमे त्यांच्याकडे. जुन्या स्कूटरवरून यायचे, खांद्याला रेक्झिनची पिशवी. आमच्या लोकांना विमा म्हणजे चौकात पोलिसाला दाखवायचा कागद. भाऊ समजवायचे, "पोलीस शंभर-दोनशेत सोडंल हो, पण तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर त्याच्या लेकरांना काय दाखवता?" त्यांची आणखी एक खोड होती. कुठल्याही घरी गेले की आधी वर चहाला यायचे नाहीत. चप्पल काढून खालच्या खोलीत जायचे, सिलिंडर मोजायचे, वायरिंग बघायचे आणि जे दिसेल तेच फॉर्मात लिहायचे. त्यामुळे त्यांचा हप्ता नेहमी इतरांपेक्षा जास्त निघायचा. शहाणी माणसं मग दुसऱ्या एजंटाकडे जायची, जो वर बसून चहा पीत "राहतं घर" असं लिहून मोकळा व्हायचा.

मीही शहाणीच. आमच्या घराचा विमा काढायला भाऊ आले, खाली जाऊन आले, आणि "तळमजला, गादी कारखाना, कापसाचा साठा" असं लिहायला लागले. मी म्हटलं, नुसतं राहतं घर लिहा. हप्त्याचं एवढं नव्हतं. कागदावर एकदा कारखाना आला की घरपट्टी वाढेल, लाइटचं मीटर बदलावं लागेल, शाळेत चार जणी चार गोष्टी बोलतील, अशी माझी भीती. भाऊंनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "न्हाई बाई. कापूस हाय, तर कापूसच लिहावा लागंल. उद्या काही झालं तर तुम्हालाच जड जाईल." मी दोनदा सांगितलं, त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिते, कारण त्याशिवाय या लेखाला अर्थ नाही.

त्यांची मुलगी सुजाता माझी विद्यार्थिनी. स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी ती रोज संध्याकाळी माझ्या घरी येऊन बसायची. हुशार पोर, मी आनंदाने शिकवत होते, आणि फी घ्यायचं मनातही आलं नव्हतं. पण त्या दिवशी मी म्हटलं, "भाऊ, सुजाताला मी शिकवते तेव्हा काही मागते का? माझं एवढं काम तुम्हाला होत नाही?"

 भाऊंनी पहिला फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला, नवा काढला, आणि त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं, राहतं घर. मी सही केली. चहा आणते म्हटलं तर म्हणाले, आज नको.

दोन वर्षं काही झालं नाही. मग एके दुपारी जुन्या गादीचा कापूस पिंजताना त्यात खिळा आला. यंत्रात ठिणगी उडाली. माणसं वाचली, कारागिराच्या हाताला थोडं भाजलं, पण खालची खोली गेली आणि वरच्या दोन खोल्यांची फरशी तडकली. अग्निशमनवाले विझवून गेले तरी कापूस दोन दिवस आतून धुमसत होता. वरून ओला, काळा, थंड. हात घातला की चटका. या सहा वर्षांत माझंही तसंच चाललेलं आहे.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा सर्व्हेअर आला. शांत माणूस होता. जळालेल्या यंत्रासमोर उभा राहून त्याने फॉर्म उघडला आणि विचारलं, इथे राहतं घर लिहिलंय, हे कुणी लिहिलं? गल्लीतली निम्मी माणसं दारात होती. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुभाषभाऊ कोपऱ्यात उभे होते, ते पुढे आले.

"मी लिहिलं साहेब. खाली कारखाना हाय हे मला ठाऊक व्हतं. बाईंनी फॉर्म वाचला न्हाई, मी सही करा म्हणलं अन् त्यांनी केली. चूक माझी हाय."

मी तिथेच होते. एक वाक्य बोलायचं होतं. वर्गात चाळीस पोरांना रोज खरं बोला म्हणून सांगणारी मी, पदराने नाक झाकून उभी राहिले, जणू धुराचाच त्रास होतोय. बरीच पत्रापत्री झाली आणि शेवटी कंपनीने वरच्या घराचं नुकसान मान्य केलं, कारखान्याचं नाही. कंपनीने भाऊंची एजन्सी दीड वर्ष बंद ठेवली. ते परत कुणाच्या तरी दुकानात हिशेब लिहायला लागले. कॉलनीत एकच वाक्य फिरलं की वाघमाऱ्यांनी बाईंचा फॉर्म चुकीचा भरला. समोरच्या जाधववहिनी मला म्हणाल्या, "कोणाकडून काम करून घ्यावं याचा आधीच विचार करावा बाई. आम्ही तर त्यांच्याकडून कधीच काढला नाही." त्या "त्यांच्याकडून"मध्ये काय काय होतं ते मला कळत होतं. वाघमारे नसते, दुसऱ्या कुठल्या आडनावाचे असते, तर वहिनी हे वाक्य वेगळं बोलल्या असत्या. मी ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटायला आत गेले. हे मला म्हणाले, तू सांगून टाक. दोनदा म्हणाले. मग म्हणाले, तुझं तू बघ.

एजन्सी पुन्हा सुरू झाल्यावर भाऊ पहिल्यासारखे येऊ लागले. माझ्या स्कुटीचा विमा संपायच्या आठ दिवस आधी दारात हजर. चहा घ्यायचे, सुजाताचं कॉलेज सांगायचे, त्या फॉर्माबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. मला त्यांचा राग यायचा, खरंच यायचा. एकदा भांडायचं तरी, टोमणा तरी मारायचा. इतकं चांगलं वागून समोरच्याला काय मिळतं? झोप उडते, दुसरं काय... शेवटचे आले ते जाण्याच्या पंधरा दिवस आधी. मी धीर करून म्हटलं, भाऊ, एक बोलायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर रिक्षा थांबली, पाहुणे आले, आणि मी म्हटलं, राहू द्या, पुढच्या वेळी. "हाव, काही घाई न्हाई," असं म्हणून ते उठले.

बुद्धविहारात भाऊंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. चार माणसं बोलली, मलाही बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि भाऊ किती वक्तशीर होते ते सांगून खाली बसले. घरी आल्यावर मला माझीच इतकी चीड आली की मी जेवले नाही.

गेल्या आठवड्यात सुजाता आली. एजन्सी आता ती चालवणार आहे, विमा एजंटची परीक्षा पास झाली. जाधववहिनी माझ्याकडे मेथी निवडत बसल्या होत्या. आमची खालची खोली आता एका डब्याच्या मेसला भाड्याने दिली आहे. सुजाताने चप्पल काढली, खाली जाऊन आली आणि मग फॉर्म उघडला. वहिनी मेथीवरून मान न उचलता म्हणाल्या, "नीट भर गं. तुझ्या वडिलांसारखी गडबड करू नको. लोक विचारून राहिले, हिच्याकडं द्यावं की नाही."

सुजाताचं पेन थांबलं. तिच्या वडिलांचं थांबलं होतं तसंच.

"गडबड त्यांनी केली नव्हती," मी म्हटलं. "त्यांनी कारखाना लिहिला होता, मीच खोटं लिहायला लावलं. हिच्या शिकवणीचं बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी लिहिलं. अन् सर्व्हेअरसमोर ते खोटं बोलले ते माझ्यासाठी. हे तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंय, त्यांना आता हेही सांगा."

वहिनींनी मेथीची जुडी उचलली, काही तरी आठवल्यासारखं केलं आणि गेल्या. मी सुजाताकडे बघू शकत नव्हते. तिने खाली बघत उरलेलं लिहिलं, तळमजला, खानावळ, दोन सिलिंडर. मग म्हणाली, "मला माहीत व्हतं, बाई. मम्मीलापण. पप्पांनी आगीच्या दिवशीच सांगितलं व्हतं."

मी विचारलं, मग इतकी वर्षं तुम्ही कुणी काही बोलला का नाहीत?

"पप्पा म्हणायचे, आपण विषय काढायचा न्हाई. बाई मास्तरीण हायत, चूक दिसली की त्यांना राहवत न्हाई. त्या सांगतील."

सहा वर्षं मला खुशाल राहवलं होतं.