‘शिव्हर’ म्हणायला शिकवणाऱ्या मावशी

नंबर लावून बाकड्यावर बसलेल्या बाईच्या कानाशी मावशी वाकायच्या. एका हातात फरशी पुसायचा मॉप, दुसरा हात त्या बाईच्या खांद्यावर. "डाक्टरांनी इचारलं तर थोडं दुखतंय म्हणू नगंस. शिव्हर म्हण. काय म्हणशील?"

"शिव्हर."

"हां. आन म्हणताना हसू नगंस."

बारामतीतल्या एका खासगी दवाखान्यात मी केसपेपर लिहितो. मावशी तिथं साफसफाईला होत्या. भवानीनगरहून सकाळच्या एसटीनं यायच्या. आमच्या केसपेपरवर दुखण्याचे तीन चौकोन छापलेत: माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर. तिसऱ्या चौकोनात खूण असली की पेशंट रांगेत पुढं जातो. हे मावशींनी नुसतं बघून हेरलं होतं. इंग्रजीतला तेवढा एकच शब्द त्यांना यायचा, पण वापर म्हणाल तर वकिलानं लाजावं. ऊन शिव्हर, कँटीनचा चहा शिव्हर. आणि सून? "लई शिव्हर हाय, पर मनानं चांगली हाय."

"अहो, कशाला शिकवता लोकांना?" मी एकदा विचारलं.

"बायांना थोडंच म्हणायची खोड असती. कळा आल्या तरी थोडंच. मग तुमी गोळी देऊन घरी धाडता."

खोटं नव्हतं. अंथुर्ण्याची एक नवी सून पोट धरून "थोडं हाय" म्हणत होती, तेव्हा मावशीच मध्ये पडल्या. "शिव्हर लिवा वो, तिच्या ओठाचा रंग बगा!" अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं, पोरगी वाचली.

पण मग तो शब्द पसरला. काटेवाडीचे एक तात्या दुखरा गुडघा घेऊन आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "मला शिव्हर झालाय."

"कुठं झालाय?"

"ते मावशींस्नी ठावं."

सगळा दवाखाना हसला, डॉक्टर सोडून. जो तो सिव्हिअर कसा, म्हणून त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं. मी तो राग कुणावर काढणार? बाहेर येऊन भरल्या रांगेसमोर मावशींवर काढला. "तुम्ही फरशी पुसा, डॉक्टरकी नको. तो शब्द परत तोंडातून काढलात तर कामावरून जाल!"

कुणाला कामावरून काढायचा मला अधिकारसुद्धा नव्हता. कारकुनाचा तोरा, दुसरं काय!

"बरं. न्हाय काढत," एवढंच म्हणाल्या. आणि तो शब्द खरंच परत काढला नाही.

दिवाळीनंतर एका सोमवारी मॉप भिंतीला टेकवून त्या माझ्या खिडकीशी आल्या. "सायेब, माजा एक पेपर काढा."

"काय होतंय?"

"पाठ आन जबडा धरलाय सकाळधरनं."

"किती दुखतंय?"

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. घामानं कपाळावरचं कुंकू ओघळलं होतं. मला दिसत होतं, देवाशपथ दिसत होतं.

"थोडं हाय," म्हणाल्या.

मी पहिल्या चौकोनात खूण केली. मागं रांग होती ना! त्यांचा नंबर सत्तावीस, आत चौदावा चालू होता. बाविसावा आत गेला आणि मावशी बाकड्यावरून खाली सरकल्या. हार्टअटॅक होता. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, पण वेळ निघून गेली होती.

तेराव्यानंतर त्यांचा मुलगा केसपेपरची झेरॉक्स न्यायला आला. खूण बघून थबकला. "माइल्ड? आई काय म्हणली व्हती?"

"थोडं हाय, म्हणाल्या."

"तिचं जल्मभर तसंच. नुस्तं सोसायचं." त्यानं डोळे पुसले. "तुमी तरी काय करणार, सायेब."

थोडं म्हणू नये, हे त्या बाईइतकं आख्ख्या दवाखान्यात कुणाला कळत नव्हतं. तिचं तोंड मी बंद केलं होतं. मी नुसती मान हलवली आणि झेरॉक्सवर दवाखान्याचा शिक्का मारून दिला.