टाळूची अकरा मॉडेलं

पाशाभाई माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत. लग्नात कुणी हात जोडून समोर उभा राहिला, की हे कोऱ्या नजरेनं बघत राहायचे आणि म्हणायचे, "जरा हसा की राव." समोरचा बिचारा हसला, की यांचा चेहरा फुलायचा. "हां, मुखेडचे मामा! वरची पूर्ण, खालची अर्धी. अजून डाव्या बाजूनंच खाऊन राहिलात? सांगितलं होतं न्हवं!" मग मामांना मांडवाच्या कोपऱ्यात घेऊन, लग्न लागायच्या आत, त्यांच्या तोंडाची तपासणी होत असे.

नांदेडच्या एका बोळात त्यांची कवळ्यांची लॅब आणि माझं चष्म्याचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. पाशाभाई त्या मापात प्लास्टर ओतून तोंडाचं मॉडेल काढायचे आणि त्यावर कवळी बसवायचे. मी डोळे सांभाळायचो, ते दात. नाकाला मात्र आम्ही कुणी हात लावला नाही.

त्यांच्या कवळ्यांची कीर्ती मीच जिल्हाभर पोचवली. अर्धापूरच्या एका बागायतदाराची कवळी शिंक आली तेव्हा केळीच्या घडात पडली. घड ट्रकमध्ये चढून दिल्लीला गेला. आठ दिवसांनी कवळी पोस्टानं पाशाभाईंच्या नावावर परत, सोबत चिठ्ठी : 'दोन ऐसी और भेजो.' मुखेडच्या एका आजोबांनी तर या कवळीनं बैलगाडीची खीळ उपटली. पाशाभाई हे ऐकून मान खाली घालून कानस चालवत राहायचे आणि हळूच म्हणायचे, "खीळ न्हाई हो, बाटलीचं झाकण होतं." म्हणजे निम्मं तरी खरं होतं. पण आता जे सांगतोय, त्यात मला पदरचं काहीच घालावं लागलेलं नाही. घालायला जागाच कुणी ठेवली नाही.

दुपारी आम्ही डबा एकत्र खायचो. एकदा भाकरीचा घास तोंडात तसाच ठेवून पाशाभाई जिभेनं वर काहीतरी चाचपू लागले.

"चष्मेवाले, टाळूला कायतरी हाय."

मी बॅटरी लावून बघितलं. डावीकडे, वरच्या दाढांच्या आतल्या बाजूला वाटाण्याएवढा उंचवटा होता. जखम नाही, रंग वेगळा नाही, दुखणं नाही. दुसऱ्या कुणी डाळ ओढून घेतली असती. यांनी हात धुतले, मापाचं गुलाबी पीठ कालवलं आणि आरशासमोर स्वतःच्याच तोंडात कोंबलं. डोळे असे बाहेर आले की मला वाटलं, आता हे गिऱ्हाईक माझ्याकडे येतंय. मापात प्लास्टर ओतलं, मॉडेल सुकल्यावर त्यावर पेन्सिलीनं तारीख टाकली आणि ते फळीवर ठेवलं.

"हे कशाला?"

"तोंड लबाड असतंय. आज म्हणतंय सुजलंय, उद्या म्हणतंय उतरलं. प्लास्टर झूट बोलत न्हाई."

ज्या डॉक्टरांना ते तीस वर्षं कवळ्या करून देत होते, ते शहरातले मोठे डॉक्टर. त्यांनी बसल्या जागेवरून बघितलं. "दाढेचं इन्फेक्शन आहे, पाशा. पाच दिवस गोळ्या घे." पाच दिवस झाले, पंधरा झाले. पाशाभाईंनी दुसरं मॉडेल काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवून मला बोलावलं. मला दातातलं काही कळत नाही, पण भिंगातलं कळतं. दुसऱ्यावरचा उंचवटा मोठा होता आणि पसरलेला होता. आंधळ्याच्या बोटालाही लागला असता.

दोन्ही मॉडेलं घेऊन ते पुन्हा गेले. या वेळी मीही सोबत होतो. डॉक्टरांनी ती हातातसुद्धा घेतली नाहीत.

"पाशा, तू कवळ्या कर. आजार मी बघतो."

"हाव साहेब. पण बगा की एकदा. वाढून राहिलंय."

"मॉडेलावर कधी निदान होतं का? दाढ काढून टाकू."

दाढ काढली. खणखणीत दाढ! पंधरा दिवसांनी शेजारची काढली. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे आजार दाढेत होता, पण दाढा गेल्या तरी तो जायचं नाव घेईना. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणायचे, "उतरतंय," आणि प्रत्येक वेळी पाशाभाईंच्या फळीवर नवं मॉडेल यायचं.

मी त्यांना ओढून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं पहिला प्रश्न, "गुटखा किती?"

"कदी न्हाई साहेब."

"तंबाखू? खरं सांगा."

"तोंडाचं काम करतो साहेब. पानसुद्दा खात न्हाई."

"मग कॅन्सर कशाला होतोय? निवांत घरी जा."

आता बोला! तिसरीकडे खोटारडा ठरवलं. "सगळे असंच सांगतात," म्हणून त्यांनी तंबाखू धरतात ते गालच तपासले, टाळूकडे बघितलंच नाही. खावी तरी पंचाईत, न खावी तरी पंचाईत. रस्त्यात माझा तोल गेला. "पाशाभाई, पुढच्या ठिकाणी सांगा की पोतंभर खातो!" ते थांबले. "चष्मेवाले, मी प्लास्टरवाला माणूस. मला न्हाई जमायचं."

चौथ्यानं एकदाचा गाठीचा तुकडा तपासायला काढला, पण तोही वरवरचा, दुधावरची साय काढावी तसा. रिपोर्ट आला, 'साधी सूज.' तो कागद दाखवून मोठे डॉक्टर हसले. "झालं समाधान?" घरी भाभींनी शिरा केला. पाशाभाईंनी शिरा खाल्ला, मग दहावं मॉडेल काढलं. आता उंचवटा अर्ध्या लिंबाएवढा होता आणि उरलेल्या दाढा हलत होत्या. अकराव्याच्या वेळी माप तोंडात नीट बसेना. मानेतही गाठ लागली.

तेव्हा आम्ही लातूरची एसटी धरली. तिथल्या एका दंत महाविद्यालयात तोंडाच्या आजारांच्या एक तरुण मॅडम होत्या. पाशाभाईंनी स्टीलचा डबा उघडला आणि अकरा मॉडेलं तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. मॅडमनी एकेक हातात घेतलं, अंगठ्यानं चाचपलं, मापून कागदावर लिहिलं. साडेपाच महिन्यांत हे पहिल्यांदाच कुणीतरी करत होतं.

"काका, हे तुम्ही स्वतःच केलंत?"

"हाव बाई. कुणी बगंना म्हणून."

त्यांनी त्याच दिवशी खोलवरचा तुकडा घेतला. तिथल्या तपासणीत संशय आला, पक्कं नाव कळायला तुकडा मुंबईला गेला. बारा दिवसांनी मॅडमनी समोर बसवून सांगितलं, "काका, हा लिम्फोमा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. तो टाळूतही उगवतो. याचा तंबाखूशी काही संबंध नाही आणि दाढेशीही नाही."

पाशाभाई उठले आणि त्यांनी मॅडमना सलाम केला. "शुक्रिया बाई. मला मरायचं भ्या न्हवतं. वेडा ठरायचं होतं."

मी तिथंच ओरडलो, "अहो, कॅन्सर निघालाय, शुक्रिया कसला!" मॅडमनी मला पाणी दिलं.

लातूरच्याच मोठ्या दवाखान्यात इंजेक्शनं सुरू झाली. दोन हप्त्यांतच गाठ तव्यावरच्या लोण्यासारखी विरघळली. हेच मला सोसेना. म्हणजे औषध होतं, असरदार होतं, इथून तीन तासांवर होतं! पण तोवर आजार पोटात उतरला होता आणि शरीर खंगलं होतं. भाभी पेज भरवायच्या आणि हे विचारायचे, "टाळू सपाट झालं न्हवं? एक माप घेऊ द्या." तोंड सोललेलं, मॅडमनी मनाई केली. तिसऱ्या इंजेक्शनानंतर ताप आला, तो उतरलाच नाही. पाशाभाईंनी लातूरलाच डोळे मिटले.

मोठे डॉक्टर मातीला आले होते. म्हणाले, "मोठा कारागीर गेला." मी उत्तर दिलं असतं, तर त्यांनाही कवळी लागली असती आणि करणारा आता नव्हता.

काही महिन्यांनी मॅडमचा फोन आला. मुलांना शिकवायला मॉडेलं मिळतील का? भाभींनी डबा माझ्या हातात दिला. मी तो एसटीत मांडीवरून खाली ठेवला नाही. वर्गात मॅडमनी ती रांगेत मांडली. पेशंटचं नाव सांगितलं नाही, आजारही सांगितला नाही. फक्त तारखा वाचल्या आणि गोळ्या कधी दिल्या ते सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही असता, तर तुकडा कधी काढला असता?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. टेबलाशी आली, पहिलं मॉडेल उचललं, दुसरं उचललं, दोन्हींवरून अंगठा फिरवला. बाकीच्या नऊंकडे तिनं बघितलंही नाही.

"मॅडम, दुसऱ्याला."