रम इश्यूची खोटी हाक

फौजेतल्या आठवणी म्हणलं की तुमी गोळीबार ऐकायला सरसावून बसता. मागं टेका. माझ्या गोष्टीत एक पत्र्याचा मग हाय आन माझं तोंड. तेच लय नडलं.

सत्तरनंतरची दोन-तीन वर्सं. आमची इंजिनिअर कंपनी पाटणजवळ कोयनेकाठी ट्रेनिंगला तंबू ठोकून हुती. मी सांगलीकडचा, नवा सॅपर, म्हंजी सुरुंग-पुलाची कामं करणारा शिपाई. सगळ्यांच्या नकला करायचो. रेशन आन रम वाटणाऱ्या क्वार्टरमास्टरचा आवाज तर असा काढायचो, की त्याची बायकोबी फसावी.

आमाला सुरुंग शिकवणारे उस्ताद हवालदार शिंदे, लोणंदचे. दारूत पार बुडालेले. डॉक्टरसायबांनी त्यांना नऊ दिस एमआय रूममधी, छावणीच्या दवाखान्यात ठेवलं. थरथर, घाम, उलट्या. धाव्या दिशी हात थांबला. डॉक्टर म्हणले, "शरीर की गयी, मन की बाकी है. फिर पी, तो घर भेजूँगा."

शरीर काय, मन काय, मला एकच वाटायचं. चार म्हयने मी संशयानं बघत हुतो. रम इश्यूचा, म्हंजी रम वाटायचा दिस असो नसो, रोज सांजच्या सहाला, फौजी १८०० ला, उस्ताद मग घेऊन पाण्याच्या टाकीमागं. ह्यो गडी चोरून पितोय आन उद्या आमच्या हातात सुरुंग उडवायचा डेटोनेटर देणार!

"पकडतोच बघ," मी तंबूतल्या गणपाला म्हणलं.

"नगं रं, मार खाशील."

रम नसलेला वार बघून, १८०० ला, मी स्टोअरमागनं क्वार्टरमास्टरच्या आवाजात वरडलो, "रम इश्यू! मग लेके फॉल इन!"

उस्ताद पळत आले. सगळ्यात पयले. मग पुढं धरलेला. मगात निस्तं पाणी, आन ते हिंदकळून बुटावर सांडत हुतं. चार म्हयन्यांत न हललेला हात आज हलत हुता.

समोर कुणीच न्हवतं. मी स्टोअरमागनं भाईर आलो.

"आवाज तुझा?"

"व्हय, उस्ताद."

पुढं दोन वर्सांनी सीमेवर सुरुंग काढताना हवालदार शिंदे गेले. संगट हुते ते सांगत्यात, हात शेवटपातूर हलला न्हाई. तवापासनं मी नक्कल एकच करतो, त्यांची. त्या सांजचं बोलणं, जसंच्या तसं:

"आरं गाढवा, अंगातनं ती कवाच गेली. पर हाक आली की पाय आजून उठत्यात. म्हणून त्या टायमाला पाणी पीत टाकीमागं बसतो. आज रम खरी असती, तर मी प्यालो असतो. मला घरी धाडलं असतं. मग तुमाला सुरुंग कुणी शिकवला असता, तुझ्या बापानं? उद्या ०६०० ला क्लास. पयल्या रांगंत बस. आन तोंड बंद."