वखारीवरच्या वाचनालयातलं भूत

सरकीचा वास आला की मला अमरावतीचं ते वाचनालय आठवतं. कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या दिवसांतली गोष्ट. माझ्या सासऱ्यांनी आमच्या वखारीवरची खोली गावाला पुस्तकांसाठी दिली होती. दुपारी सारे पुरुष कापसाच्या बाजारात गेले, की मी आमच्या घरातून त्या खोलीत उघडणाऱ्या मागच्या दारानं तिथं जायची. लग्नाआधी वडिलांनी मला गुपचूप वाचायला शिकवलं होतं. सासरी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुलूपबंद खोलीत पानं उलटल्याचा आवाज येतो, असं हमाल सांगू लागले आणि वाचनालयात भूत असल्याची बोंब गावभर झाली. एका दुपारी अचानक पुढच्या दाराचं कुलूप निघालं. मी मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते. सासरे एकटेच आत आले, बरोबरचे हमाल भिऊन जिन्यातच थांबले. त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. "काय दिसलं, शेटजी?" खालून कोणीतरी विचारलं. "भूतच हाये," ते म्हणाले, "बाईचं हाये. चाला, इथं कोनी थांबू नोका." मी शरमेनं पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी मागचं दार तेवढं बुजवून घेतलं. सून वाचते हे सांगण्यापेक्षा वखारीत भूत आहे हे सांगणं त्यांना सोपं गेलं, आणि तेव्हा मलाही तेच बरं वाटलं. परवा अकोल्याला नातीनं पुस्तकातून मान वर करून विचारलं, "आजी, तुले वाचता येते का?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "नाही वो माय."