केसांचं तांबं

केस पांढरे झाले याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. शाळेत शिकवणाऱ्या बाईला पांढरे केस शोभतात, पोरं जरा वचकून असतात. वाईट वाटायला लागलं ते आईमुळे. दुर्गाघाटाजवळच्या आमच्या भाड्याच्या खोल्यांत आता आम्ही दोघीच राहतो. आईला गेली काही वर्षं माणसं नीट आठवत नाहीत. एका दुपारी मी तिच्यापुढे वरणभाताचं ताट ठेवलं, तर ती धडपडत उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "सासूबाई, तुम्ही कशाला आणलंत? तुमचं होऊ दे, मी मागून बसते."

आईच्या सासूबाई, म्हणजे माझी आजी, मी लहान असतानाच गेली. पण तिचा फोटो आहे, आणि पांढऱ्या केसांत मी हुबेहूब तिच्यासारखी दिसते. काय दैव बघा, सगळ्या घराण्यातून मला घ्यायला हाच चेहरा सापडला! तिने आईला पुष्कळ छळलं. सासूसमोर सुनेनं घास तोंडात घालायचा नाही, हा तिचा नियम. ती कधीच गेली, नियम मात्र आईच्या डोक्यात पक्का बसलेला. "आई, अगं मी आहे, तुझी मुलगी," असं मी घसा फोडून सांगायची. ती मान डोलवायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. वजन भराभर उतरत होतं. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, पण यांच्या पोटात अन्न गेलं पाहिजे.

म्हणून मी केस काळे केले. बाजारातला डाय आणला, न्हाणीघरात बसून लावला, आणि दुसऱ्या दिवशी आईनं मला पाहून विचारलं, "आज शाळा नाही का गं तुला?" त्या दिवशी ती पोटभर जेवली. मला इतका आनंद झाला की मी मागून चार भांडी उगाचच घासली.

तो आनंद काही टिकला नाही. डायनं माझं कपाळ सुजलं, डोळे उघडेनात, आणि पुन्हा हा प्रकार करायचा नाही म्हणून डॉक्टरांनी दम भरला. वर आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी आणि गच्चीवरचं ऊन. महिन्याभरात काळा रंग उतरून केस तांब्याच्या कळशीसारखे दिसायला लागले. मी ताट घेऊन गेले, तर आई हसून, अगदी अदबीनं हिंदीत बोलली, "ये रास्ता घाट का नहीं है, बहनजी. पीछे मुड़के सीधे जाइए।" घाटावरची कुणी परदेशी बाई वाट चुकून आमच्या घरात शिरलीय, असं तिला वाटलं. मला हसू फुटलं. हसत हसतच स्वयंपाकघरात गेले आणि तिथे मात्र रडू आवरेना.

मग स्वयंपाकघरातले उपाय सुरू झाले. मोबाइलवर एक मुलगी छान हसत सांगत होती की केसांचा तांबडेपणा कॉफीनं जातो. कॉफी लावली. केसांना वास तेवढा आला. शेवटी वर राहणाऱ्या घरमालकीणबाई मदतीला धावल्या. "लोहे की कड़ाही में आँवला और चायपत्ती पकाइए, दीदी. काला न हो तो कहिएगा।" मी आवळकाठी आणि चहाची पूड लोखंडी कढईत उकळली, झाकून ठेवली. सकाळी कढईत शाईसारखं काळं पाणी तयार होतं. केसांना लावलं आणि खरोखर, तांबडेपणा दबला. केस बऱ्यापैकी काळे दिसायला लागले.

फक्त त्यांना गंजाचा वास येत होता. आणि इथे माझी अक्कल गहाण पडली. वडील भिक्षुकी करायचे. घरात पूजेची तांब्या-पितळेची भांडी ढीगभर, आणि ती घासायचं काम लहानपणापासून माझं. ताम्हन असो, पळी असो, डाग पडला, वास आला की चिंच लावायची, हे हातात इतकं भिनलेलं की मी विचारही केला नाही. चिंचेचा कोळ केला आणि केसांना खसखसून चोळला. काळं पाणी मोरीतून वाहून गेलं. आरशात पाहिलं तर दिवाळीत घासून ठेवलेल्या ताम्हनासारखं माझं डोकं लखलखत होतं. चिंचेनं तांबं उजळतं, हे मला कुणी वेगळं सांगायला हवं होतं? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आई तेवढे दिवस घरमालकीणबाईंच्या हातून पेलाभर दूध काय ते घेत होती.

पुन्हा आवळकाठी आणली, पुन्हा कढई चढवली. या वेळी नुसत्या पाण्यानं केस धुतले, वास येतो तर येवो म्हटलं. केस काळे झाले. मी घट्ट वेणी घातली, वरणभात कालवला, वर तूप घातलं आणि आईसमोर जाऊन बसले.

तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा खुलला. "ये गं, बैस," म्हणाली. तिनं माझी वेणी हातात घेतली. "किती काळेभोर केस तुझे! आईनं विंचरून दिले?"

"मीच विंचरले."

"बरं, जेव आता." तिनं पहिला घास उचलला आणि माझ्या तोंडात दिला. मी म्हटलं, तूही घे. ती म्हणाली, "माझं काय, मी नंतर जेवेन. माझी मुलगी शाळेतून यायचीय." असं म्हणत तिनं सगळा भात मलाच भरवला. स्वतः शीतसुद्धा खाल्लं नाही.

मग ती उठली, माझा हात धरून दारापर्यंत आली. "आता घरी जा हं बाळ. ऊन चढतंय. तुझी आई वाट बघत असेल."

मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. रिकामं ताट माझ्या हातातच राहिलं होतं. तिनं दार लोटलं, कडी घातली आणि आतून विचारलं, "गेलीस ना गं?"

मी म्हटलं, "हो, गेले."